स्वतःचीच बातमी फोडणारं मासिक: 'रॅम्पार्ट्स', विद्यार्थी संघटना आणि सीआयए (१९६७)

१४ फेब्रुवारी १९६७ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'वॉशिंग्टन पोस्ट' या दोन्ही दैनिकांत 'रॅम्पार्ट्स' नावाच्या एका मासिकाची पानभर जाहिरात आली. मासिक सॅन फ्रान्सिस्कोहून निघायचं. जाहिरातीचा मथितार्थ असा: सीआयए ही गुप्तहेर यंत्रणा अमेरिकेतल्या विद्यार्थी नेत्यांच्या जगात कशी शिरली, ते आमच्या मार्चच्या अंकात पुराव्यानिशी वाचा. अंक बाजारात यायचाच होता. पण त्याच दिवशी 'टाइम्स'च्या पहिल्या पानावर नील शीहान या वार्ताहराची बातमी होती. देशातल्या सर्वांत मोठ्या विद्यार्थी संघटनेने सीआयएचा पैसा घेतल्याची कबुली दिली होती. मासिकाने पैसे मोजून आतलं पान घेतलं आणि दैनिकाने त्याच विषयाला पहिलं पान फुकट दिलं.

साठच्या दशकातलं अमेरिकी राजकारण म्हटलं की आपल्याला आधी टीव्ही आठवतो. केनेडी आणि निक्सन यांचा वादविवाद, अलाबामात निदर्शकांवर सोडलेले कुत्रे, व्हिएतनाममधून घरात येणारं युद्ध. मासिकांचं काम इतकं डोळ्यांत भरत नाही. पण या एका प्रकरणात ते अगदी सुटं करून पाहता येतं. वेळ, कागदपत्रं आणि थोडा निर्लज्जपणा एवढ्या भांडवलावर एका कर्जबाजारी मासिकाने देशाच्या राष्ट्राध्यक्षाला चोवीस तासांत समिती नेमायला लावली.

पैसा कशासाठी होता

नॅशनल स्टुडंट असोसिएशन ही संघटना १९४७ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन इथे स्थापन झाली. सुमारे तीनशे महाविद्यालयांतली विद्यार्थी मंडळं तिची सभासद होती. दर ऑगस्टमध्ये अधिवेशन व्हायचं, ठराव व्हायचे, पदाधिकारी निवडले जायचे. संघटना उदारमतवादी होती. वंशभेदाविरुद्ध तिने स्पष्ट भूमिका घेतली आणि १९६० च्या दक्षिणेतल्या धरणं आंदोलनाला पाठिंबा दिला. म्हणजे ही सरकारची तळी उचलणारी मंडळी नव्हती, आणि सीआयएला ती उपयोगी वाटली ती नेमकी त्यामुळेच.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रागमध्ये इंटरनॅशनल युनियन ऑफ स्टुडंट्स उभी राहिली आणि लवकरच सोव्हिएत गोटाच्या कह्यात गेली. तिला तोंड देण्यासाठी पश्चिमेकडच्या विद्यार्थी संघटनांनी पन्नासच्या दशकात वेगळी परिषद उभारली. तिचं सचिवालय नेदरलँड्समधल्या लायडन शहरात होतं. तिथे जायला, लोक पाठवायला, आशिया-आफ्रिकेतल्या विद्यार्थी पुढाऱ्यांना शिष्यवृत्त्या द्यायला पैसा लागायचा. अमेरिकी काँग्रेसकडे उघडपणे मागावा, तर सिनेटर जोसेफ मॅकार्थीच्या कम्युनिस्ट-शोधाचा जमाना. डाव्या झुकावाच्या पोरांना कोण पैसा देणार? आणि उघड सरकारी पैसा घेतला असता, तर परदेशात त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. ही कोंडी सीआयएने गुपचूप सोडवली. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपासून संघटनेच्या आंतरराष्ट्रीय विभागाचा बहुतेक खर्च तिथून येऊ लागला. १९६७ पर्यंत ही रक्कम तीस लाख डॉलरच्या पुढे गेली होती.

व्यवस्था साधी होती आणि म्हणूनच इतकी वर्षं टिकली. नवा अध्यक्ष निवडून आला की संघटनेचाच एखादा माजी पदाधिकारी त्याला बाजूला घ्यायचा. तुला एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे, पण आधी या कागदावर सही कर, असं म्हणायचा. सही गोपनीयतेच्या शपथेची असे. सही झाल्यावर कळायचं की पैसा कुठून येतो, आणि हेही कळायचं की आता तोंड उघडलं तर तुरुंग. ज्यांना माहीत आहे त्यांना आपसात 'विटी' (इंग्रजी 'विटिंग', म्हणजे जाणता, यावरून) म्हणत. बाकीच्या शेकडो कार्यकर्त्यांना आणि सभासद महाविद्यालयांना काहीच ठाऊक नसे. विशीतल्या पोराला निवडून आल्याच्या आनंदात गाठायचं आणि आधी सही, मग माहिती अशा क्रमाने अडकवायचं, ही पद्धत मला पैशांपेक्षा जास्त खटकते. देणगी परत करता येते, पण शपथ घेतल्यावर परतीची वाट उरत नव्हती.

या पैशातून वाईटच झालं असंही नाही. अल्जीरियाचं स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना अमेरिकी सरकार उघडपणे फ्रान्सच्या बाजूचं होतं, आणि हाच गुप्त पैसा अल्जीरियन विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देत होता. पण त्याच वेळी परदेशी विद्यार्थी नेत्यांचे स्वभाव, झुकाव, गटतट यांची टिपणं सीआयएकडे जात होती. एखाद्या आफ्रिकी किंवा आशियाई तरुणाने मित्र समजून ज्याच्याशी गप्पा मारल्या, त्याने त्या रात्री त्याच्यावर अहवाल लिहिला असेल, हे त्या तरुणाला कधीच कळणार नव्हतं.

मासिक

'रॅम्पार्ट्स'चा जन्म १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे झाला, तो कॅथलिक विचारवंतांचं वाङ्मयीन त्रैमासिक म्हणून. संस्थापक एडवर्ड कीटिंग. नव्याने कॅथलिक झालेले, बायकोच्या माहेरची इस्टेट गाठीशी असलेले सज्जन गृहस्थ. हे मासिक पुढे सीआयएची झोप उडवेल असं तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर स्वतः कीटिंगच हसले असते.

वळण आणलं वॉरन हिंकलने. एका डोळ्यावर काळी पट्टी लावणारा, पिण्याचा शौकीन, प्रसिद्धीच्या धंद्यात मुरलेला हा तरुण १९६४ मध्ये संपादक झाला तेव्हा पंचविशीत होता. त्याने कचेरी सॅन फ्रान्सिस्कोला नेली आणि त्रैमासिकाचं मासिक केलं. रॉबर्ट शीर हा अभ्यासू पत्रकार राजकीय मजकुरासाठी आला, मांडणीसाठी ड्यूगल्ड स्टर्मर आला. स्टर्मरचं काम फार महत्त्वाचं. त्या काळातली डावी नियतकालिकं गचाळ कागदावर, बारीक टाइपात, दाटीवाटीने छापलेली असत आणि आधीच पटलेली माणसंच ती वाचत. 'रॅम्पार्ट्स' गुळगुळीत कागदावर, रंगीत मुखपृष्ठासह, देखण्या टाइपात निघू लागलं. बुकस्टॉलवर ते 'टाइम' किंवा 'एस्क्वायर'च्या शेजारी न लाजता बसायचं. हिंकलने कचेरीत एक माकड पाळलं होतं आणि 'टाइम'च्या मालकाच्या नावावरून त्याचं नाव हेन्री ल्यूस ठेवलं होतं. हा नुसता वात्रटपणा नव्हता. आपल्याला कुणाच्या गादीला हात घालायचा आहे, हे त्या पोरांना नीट माहीत होतं.

फेब्रुवारी १९६६ च्या अंकात डोनाल्ड डंकन या ग्रीन बेरे (अमेरिकी सैन्याचं विशेष दल) सार्जंटने आपण सैन्य का सोडलं ते लिहिलं. गणवेशातल्या सैनिकाचं छायाचित्र मुखपृष्ठावर होतं. एप्रिल १९६६ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठावर लेख आला. या विद्यापीठाच्या व्हिएतनाम प्रकल्पाने दक्षिण व्हिएतनामच्या झिएम राजवटीतल्या पोलिसांना प्रशिक्षण दिलं आणि त्याच्या हजेरीपटाआड सीआयएची माणसं वावरली. प्रकल्पाचे माजी समन्वयक स्टॅनली शाइनबाम यांनीच त्या लेखाला प्रस्तावना लिहिली. मुखपृष्ठावर झिएम यांच्या भावजय मादाम न्हू यांना विद्यापीठाच्या चिअरलीडरच्या वेशात रंगवलं होतं. जानेवारी १९६७ च्या अंकात विल्यम पेपर यांनी जमवलेली, नापाम या आग लावणाऱ्या बाँबने भाजलेल्या व्हिएतनामी मुलांची छायाचित्रं आली. मार्टिन ल्यूथर किंग यांनी ती पाहिली आणि युद्धाविरुद्ध उघड बोलायचं ठरवलं. ४ एप्रिलला न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये त्यांनी केलेलं भाषण त्या निर्णयातून आलं.

त्याच जानेवारीत 'टाइम'ने 'रॅम्पार्ट्स'वर तिरकस लेख लिहिला. प्रत्येक अंकात एक बाँब, असा त्याचा मथळा होता. हिंकलला ही शिवी वाटली असेल असं मानायचं काही कारण नाही.

मायकेल वूड

विद्यार्थी संघटनेत निधी जमवण्याचं काम मायकेल वूड हा तरुण करत होता. कामात त्याला एक विचित्र अडथळा येऊ लागला. काही फाउंडेशनांकडे तू जाऊ नकोस, ते आम्ही पाहतो, असं वरून सांगितलं जाई. निधी जमवणाऱ्याला सर्वांत मोठ्या देणगीदारांपासूनच दूर ठेवायचं, याचा अर्थ त्याला लागेना. त्याने आग्रह धरला: एक तर सगळे व्यवहार माझ्याकडे द्या, नाहीतर मी निघतो. तेव्हाचे अध्यक्ष फिलिप शेरबर्न यांनी १९६६ मध्ये त्याला खरं काय ते सांगून टाकलं. शेरबर्न स्वतः सीआयएपासून संघटनेची सुटका करायच्या खटपटीत होते. शपथ मोडण्यात धोका होता, पण वूड त्यांचा मित्र होता आणि हे ओझं त्यांना एकट्याने पेलवत नव्हतं.

वूडने मात्र कुठलीच शपथ घेतली नव्हती. सगळी इमारत कोसळली ती या एका फटीमुळे. काही महिने घालमेल झाली, आणि मग कागदपत्रं घेऊन तो 'रॅम्पार्ट्स'कडे गेला.

दैनिकाकडे का नाही गेला? माझ्या मते हाच या प्रकरणाचा गाभा आहे. दैनिकाने हे ऐकून पहिल्याच दिवशी परराष्ट्र खात्याला फोन लावला असता, खात्याने इन्कार केला असता आणि दोन्ही बाजू चार परिच्छेदांत छापून विषय मिटला असता. नव्हे, जवळपास तसं आधी घडलंही होतं.

३१ ऑगस्ट १९६४ रोजी टेक्सासचे काँग्रेस सदस्य राइट पॅटमन करमुक्त फाउंडेशनांची चौकशी करत होते. कर खात्याने नीट उत्तरं दिली नाहीत म्हणून संतापून त्यांनी जाहीर केलं की न्यूयॉर्कचा जे. एम. कॅप्लान फंड हा सीआयएच्या पैशाचा नळ आहे, आणि त्या नळात पाणी सोडणाऱ्या आठ फाउंडेशनांची नावंही वाचून दाखवली. गॉथम, बॉर्डन, प्राइस, एडसेल, बीकन, केंटफील्ड, मिशिगन, अँड्र्यू हॅमिल्टन. त्यानंतर सीआयएच्या अधिकाऱ्यांशी बंद दाराआड बैठक झाली आणि पॅटमन यांनी सांगितलं की समितीला रस वाटावा असं यात काही नाही. दैनिकांनी बातमी दिली आणि सोडून दिली. एप्रिल १९६६ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने सीआयएवर मोठी मालिका छापली, त्यातही गुप्त मदतीचे ओझरते उल्लेख होते. म्हणजे दोऱ्याचं टोक अडीच वर्षं चव्हाट्यावर लोंबकळत होतं. ओढायला कुणाला सवड नव्हती.

ही सवड मासिकाकडे होती. लेख लिहिण्याचं काम सोल स्टर्नकडे आलं. बोस्टनकडची बाजू मायकेल अन्सारा याने सांभाळली. तो हार्वर्डचा विद्यार्थी आणि एसडीएस या डाव्या विद्यार्थी संघटनेचा कार्यकर्ता. करमुक्त संस्थांना कर खात्याकडे दरवर्षी विवरणपत्र द्यावं लागे आणि ते कुणालाही पाहता येई. अन्साराने ती कंटाळवाणी विवरणपत्रं वाचून काढली. हळूहळू आकृती दिसू लागली. पॅटमन यांनी वाचलेल्या नावांपैकी एखाद्या फंडातून बोस्टनच्या एखाद्या खऱ्या, प्रतिष्ठित कौटुंबिक फाउंडेशनला रक्कम येते. त्याच सुमाराला जवळपास तेवढीच रक्कम तिथून विद्यार्थी संघटनेकडे जाते. फंडाचा पत्ता शोधत जावं, तर वकिलाची कचेरी निघते. इंडिपेंडन्स फाउंडेशनने वॉशिंग्टनमध्ये घेतलेल्या घरात विद्यार्थी संघटनेचं मुख्यालय भाडं न देता थाटलेलं होतं. न्यूयॉर्कचं फाउंडेशन फॉर यूथ अँड स्टुडंट अफेअर्स हा सगळ्यांत मोठा देणगीदार, आणि ते चालवत होते संघटनेचेच माजी अध्यक्ष हॅरी लन. (भांडं फुटल्यावर लन यांनी धंदा बदलला आणि कलात्मक छायाचित्रांचे नावाजलेले विक्रेते झाले. माणूस पारखी असला पाहिजे.)

वूड साक्षीदार होता, पण त्याची साक्ष ऐकीव होती. शेरबर्नने सांगितलं, एवढंच तो म्हणू शकत होता. कर खात्याच्या कागदांनी त्या ऐकीव गोष्टीला हाडं दिली. गुप्तहेर यंत्रणेचं गुपित कपाटफोडीशिवाय, सार्वजनिक दस्तऐवजांतून उकललं गेलं, याचं श्रेय हिंकलच्या धडाडीइतकंच त्या विवरणपत्रं वाचणाऱ्या पोराला आहे. कथा सांगताना हिंकलची डोळ्यावरची पट्टी सगळ्यांना आठवते, अन्साराचे कागद कुणाला आठवत नाहीत.

शर्यत

मासिकाचा दुबळेपणा एकच, वेळापत्रक. छापायला, बांधायला, देशभर पोचवायला आठवडे जातात, आणि तेवढ्यात समोरचा सावध होतो. जानेवारी १९६७ मध्ये सीआयएला लेखाचा सुगावा लागला. विद्यार्थी संघटनेतही धावपळ सुरू झाली. अध्यक्ष यूजीन ग्रोव्ह्ज यांच्यापुढे दोन वाटा होत्या: इन्कार करायचा किंवा आपणच आधी कबूल करायचं. पत्रकार परिषद घेऊन सगळं आधीच सांगून टाकायचं, म्हणजे 'रॅम्पार्ट्स'चा अंक येईल तेव्हा ती शिळी बातमी असेल, असा बेत शिजत असल्याचं हिंकलच्या कानावर आलं.

त्याने मग अंकाची वाट न पाहता जाहिरातीची दोन पानं विकत घेतली. दुसऱ्या कुणी आपली बातमी फोडण्यापेक्षा आपणच फोडलेली बरी, असा त्याचा हिशेब होता. जाहिरात हाती आल्यावर 'टाइम्स'ला गप्प बसणं शक्यच नव्हतं. आपल्याच पानावर उद्या छापून येणाऱ्या आरोपाची शहानिशा वार्ताहरांनी आज केली नाही तर हसं झालं असतं. १३ फेब्रुवारीला संघटनेने दुजोरा दिला, परराष्ट्र खात्यानेही मान्य केलं. चौदा तारखेला जाहिरात आणि बातमी दोन्ही एकाच अंकात.

त्या वेळी 'टाइम'चा खप तीस लाखांच्या पुढे होता आणि 'रॅम्पार्ट्स' भरभराटीच्या काळातही अडीच लाखांच्या आसपास पोचलं. खपाच्या जोरावर हे झालं नाही हे उघड आहे. मासिकाने एकदा साखळीची पहिली कडी दाखवली, की पुढच्या कड्या मोजायला दैनिकांकडे माणसं होती. पुढच्या दोन आठवड्यांत 'टाइम्स', 'पोस्ट' आणि इतरांनी तीच फाउंडेशनं धरून शोध घेतला आणि रोज नवी नावं बाहेर पडू लागली: कामगार संघटनांचे परदेश विभाग, शिक्षकांची संघटना, न्यायविदांचा आंतरराष्ट्रीय आयोग. यादीत अमेरिकन न्यूजपेपर गिल्डही निघाली. ही खुद्द पत्रकारांची संघटना. ज्यांनी हे शोधायचं, त्यांच्याच संघटनेच्या परदेशी कामात हा पैसा मुरला होता. १३ मार्चला सीबीएस वाहिनीवर माइक वॉलेस यांनी तासभराचा कार्यक्रम सादर केला, तोवर हा विषय घरोघरी पोचला होता.

सरकार काय म्हणालं

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १५ फेब्रुवारीला, म्हणजे जाहिरातीच्या दुसऱ्याच दिवशी, तीन जणांची समिती नेमली: परराष्ट्र खात्याचे निकोलस कॅत्झेनबाख, शिक्षण-आरोग्य खात्याचे मंत्री जॉन गार्डनर आणि सीआयएचे संचालक रिचर्ड हेल्म्स. तिसरं नाव वाचून चोराच्या हाती किल्ल्या ही म्हण आठवल्याशिवाय राहत नाही. तरी समितीने काम केलं. २९ मार्चच्या तिच्या अहवालातली शिफारस अशी की कुठल्याही सरकारी यंत्रणेने देशातल्या शैक्षणिक वा खाजगी स्वयंसेवी संस्थांना गुप्त मदत करू नये, आणि चालू असलेली मदत १९६७ संपायच्या आत थांबवावी. जॉन्सन यांनी ती लगेच स्वीकारली.

पुढे सत्तरच्या दशकात सिनेटर फ्रँक चर्च यांच्या सिनेट समितीने या निर्बंधाचा पाठपुरावा केला तेव्हा दिसलं की मुदत संपण्यापूर्वी काही लाडक्या प्रकल्पांना पुढची तरतूद म्हणून घसघशीत रकमा आधीच देऊन ठेवल्या गेल्या. पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट देशांसाठी प्रसारण करणाऱ्या रेडिओ फ्री युरोपची गुप्त पैशावरची गाडी १९७१ पर्यंत चालली. नियम शब्दशः पाळला गेला आणि जिथे अडचण होती तिथे शब्दाच्या कडेने वाट काढली गेली. सरकारी कामकाज जवळून पाहिलेल्या कुणालाही याचं नवल वाटू नये.

बचावाची बाजूही ऐकायला हवी, कारण ती अगदीच पोकळ नव्हती. रॉबर्ट केनेडी म्हणाले की दोष एकट्या सीआयएच्या माथी मारू नका, आयझेनहॉवर, केनेडी, जॉन्सन या तिन्ही प्रशासनांत वरच्या पातळीवर हे मंजूर झालेलं होतं. संघटनेच्या अनेक माजी अध्यक्षांनी निवेदन काढून सांगितलं की आम्हाला कुणी नाचवलं नाही, आमची मतं आमचीच होती. सीआयएत असताना हा विभाग उभारणारे थॉमस ब्रेडन यांनी मे महिन्यात 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट' या लाखोंच्या खपाच्या नियतकालिकात छाती ठोकून लिहिलं की सीआयए अनैतिक आहे याचा मला आनंदच आहे. उजवीकडून बॅरी गोल्डवॉटर यांची तक्रार निराळीच होती: पैसा दिला तो सगळा डाव्यांनाच का?

मला विचाराल तर माजी अध्यक्ष खरं बोलत होते, आणि तरीही त्यांचा बचाव टिकत नाही. त्यांची मतं त्यांचीच होती, हे मान्य. पण कोणाला अध्यक्ष होताना मदत मिळावी, कोणाला परदेशी पाठवावं, कोणाच्या प्रकल्पाला पैसा मिळावा, हे ज्याच्या हाती असतं त्याला कुणाचं मत बदलावं लागत नाही. सोयीची मतं असलेली माणसं आपोआप वर येतात.

मासिकांच्या दुसऱ्या बाजूला मासिकंच

'रॅम्पार्ट्स'च्या धक्क्याने जे ढासळलं त्यात दुसरी मासिकंही होती. कम्युनिझमविरोधी लेखक-विचारवंतांची काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम ही संस्था १९५० मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये स्थापन झाली होती. तिच्या आश्रयाने निरनिराळ्या देशांत दर्जेदार नियतकालिकं निघत. सर्वांत गाजलेलं लंडनचं 'एन्काउंटर'. या संस्थेला सीआयएचा पैसा मिळतो ही कुजबूज १९६६ पासून होतीच, १९६७ मध्ये ती पक्की झाली. ब्रेडन यांनी तर 'एन्काउंटर'च्या संपादकांत आपला माणूस होता असंही लिहून टाकलं. मे १९६७ मध्ये कवी स्टीफन स्पेंडर आणि समीक्षक फ्रँक करमोड यांनी 'एन्काउंटर'च्या संपादकपदाचा राजीनामा दिला. म्हणजे शीतयुद्धात मासिक हे हत्यारही होतं आणि ते हत्यार कुणाच्या हातात आहे हे दाखवणारंही मासिकच निघालं.

हा धागा मुंबईपर्यंत येतो. काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडमची भारतीय परिषद मार्च १९५१ मध्ये दिल्लीत व्हायची होती. नेहरू सरकारला ती रुचली नाही म्हणून ती मुंबईत झाली, आणि तिच्यामागे मिनू मसानी होते. त्यातून उभ्या राहिलेल्या भारतीय समितीने १९५५ मध्ये मुंबईतून 'क्वेस्ट' हे इंग्रजी नियतकालिक सुरू केलं, पहिले संपादक निस्सीम इझिकेल. पुढे हमीद दलवाई यांच्याबरोबर इंडियन सेक्युलर सोसायटी उभारणारे अ. भि. शहा हेही याच वर्तुळातले. 'क्वेस्ट'मध्ये आलेलं लेखन आजही वाचावंसं वाटतं, आणि पैशाचा उगम परदेशात कुठेतरी गढूळ होता म्हणून त्या लेखनाची किंमत कमी होत नाही. पण इथल्या डाव्यांच्या हाती १९६७ नंतर आयतं कोलीत मिळालं, ते वर्षानुवर्षं विझलं नाही.

भारतात हे प्रकरण पोचलं ते ऐन चौथ्या लोकसभा निवडणुकीच्या फेब्रुवारीत. सॅन फ्रान्सिस्कोमध्येच मुख्यालय असलेल्या आशिया फाउंडेशनने मार्चमध्ये सीआयएशी जोडलेला पैसा घेतल्याचं मान्य केलं. भारतात तिचं काम चालू होतं. वर्षभरातच सरकारने तिला इथला गाशा गुंडाळायला लावला. निवडणुकांत परकीय पैसा आला का, या प्रश्नावर गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांना संसदेत चौकशीचं आश्वासन द्यावं लागलं. परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा आपला पहिला कायदा १९७६ चा, पण त्याच्यामागची धास्ती बरीचशी या वर्षातली आहे.

हिशेब

'रॅम्पार्ट्स'ला जॉर्ज पोक पुरस्कार मिळाला, शोधपत्रकारितेची जुनी परंपरा पुन्हा पेटवल्याबद्दल. खप वाढला. आणि एप्रिल १९६७ मध्ये, कीर्ती शिखरावर असताना, संचालक मंडळाने संस्थापक कीटिंग यांनाच बाहेर काढलं. या मासिकाची घरची कहाणी कायम अशीच राहिली. हिंकल विमानाने, हॉटेलांतून, उधारीवर जगणारा माणूस. दर अंकाला उत्पन्नापेक्षा खर्च जास्त. सरकारवर आणि मोठ्या कंपन्यांवर कोरडे ओढणाऱ्या मासिकाला जाहिराती कोण देणार? धनवान उदारमतवाद्यांच्या देणग्यांवर गाडा चालायचा, आणि मासिक जसजसं ब्लॅक पँथर्स या जहाल कृष्णवर्णीय संघटनेच्या बाजूला झुकत गेलं तसतसे तेही आटले. १९६९ च्या सुरुवातीला दिवाळखोरीची पाळी आली. हिंकल निघून गेला आणि त्याने दुसरं मासिक काढलं. 'रॅम्पार्ट्स' पुढे नव्या संपादकांच्या हाती कडवट होत रखडलं आणि १९७५ मध्ये बंद पडलं. त्याच्या तालमीतली माणसं मात्र पांगून गेली नाहीत. या मासिकाने काही काळ चालवलेल्या वृत्तपत्रात काम केलेल्या यान वेनर याने १९६७ मध्येच 'रोलिंग स्टोन' काढलं, आणि इथल्या जुन्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये 'मदर जोन्स'.

तोट्याच्या बाजूला एक गोष्ट मांडायलाच हवी. या गौप्यस्फोटाने सीआयएपेक्षा जास्त नुकसान केलं ते उदारमतवादी मध्यममार्गाचं. सरकारशी बोलून, समित्यांत बसून, ठराव मांडून बदल घडवता येतो असं मानणारे जे तरुण होते, त्यांचीच संघटना विकाऊ निघाली. कँपसवरच्या अधिक आक्रमक मंडळींना याहून चांगला पुरावा नको होता. १९६८ च्या उद्रेकाची कारणं अनेक आहेत, व्हिएतनाम सर्वांत वरचं. पण सभ्य विरोधकांवरचा विश्वास कुणी, केव्हा घालवला असं कुणी विचारलं, तर मी या फेब्रुवारीकडे बोट दाखवेन. त्यासाठी मासिकाला दोष देता येत नाही. विश्वास पंधरा वर्षं गहाण पडलेला होता. मासिकाने फक्त गहाणखत छापलं.

सीआयएने 'रॅम्पार्ट्स'ला काही मोकळं सोडलं नव्हतं. मिशिगन लेखानंतर, १९६६ च्या वसंतातच, तेव्हाचे संचालक विल्यम रेबर्न यांनी मासिकाची माहिती गोळा करायला सांगितली होती. फेब्रुवारी १९६७ च्या सुरुवातीला, लेख छापून यायच्या आधी, सीआयएचे लोक कर खात्याकडे जाऊन मासिकाची आणि त्याच्या पाठीराख्यांची विवरणपत्रं कशी तपासता येतील याची बोलणी करून आले. ज्या विवरणपत्रांनी त्यांचं बिंग फुटलं, तीच आता त्यांनाही हवी होती. या कामावर रिचर्ड ओबर नावाचा अधिकारी होता. खरं तर १९४७ च्या कायद्याने सीआयएला देशांतर्गत पोलिसी काम करायची मुभाच नव्हती. मागे कुणी परकीय शक्ती आहे का, एवढंच आम्ही पाहतो आहोत, अशी पळवाट काढली गेली. परकीय शक्ती काही सापडली नाही. पण ऑगस्ट १९६७ मध्ये ओबरच्याच हाताखाली युद्धविरोधी चळवळीवर नजर ठेवणारी मोठी मोहीम सुरू झाली. तिचं नाव ऑपरेशन केऑस, आणि तिच्या दप्तरात हजारो अमेरिकी नागरिकांच्या फायली जमा झाल्या. डिसेंबर १९७४ मध्ये सेमूर हर्श यांनी ती उघडकीला आणली, 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर. या वेळी कुणाला जाहिरातीचं पान विकत घ्यावं लागलं नाही.